पंधरा वेढ्यांची मोटर

ड्रायव्हर विहिरीत पडला तेव्हा रिमोट माझ्या हातात होता. रिमोटला बंदुकीसारखा घोडा असतो, त्याच्यावरचं बोट मी केव्हाच काढलं होतं. तरी खाली विहिरीत मोटर वाजत होती. पाण्यात मिक्सर चालावा तसा आवाज होता, आणि भिंतींवर आपटून तो मोठा होऊन वर येत होता. माणसाचा आवाज मात्र येत नव्हता.

आधी गाडी गेली. दोन विती लांबीची, लाल पत्र्याची, एसटीसारखी दिसणारी खेळण्यातली गाडी. विहिरीतून काढलेल्या मुरमाचा ढीग काठावर होता, त्याच्यावर ती सरळ चढली, वरून उडाली आणि दिसेनाशी झाली. तिच्या मागे ड्रायव्हर पळत होता. दावं तोडलेल्या वासरामागे माणूस पळतो तसा, हात पुढे करून, "ए, ए, थांब" म्हणत. तो ढिगावर चढला, वाकून खाली बघायला लागला आणि त्याच्या पायाखालचा मुरूम सरकला. तो ओरडला नाही. आधी पाय गेले, मग कंबर, मग वर केलेले हात. एक चप्पल ढिगावर राहिली. पाण्याचा आवाज यायला फार वेळ लागला असं मला वाटलं. लागला नसणार. विहीर पाच परस आहे, तीस फुटांच्या वर नाही.

मी जागची हलले नाही. लोक नंतर म्हणाले, आजी घाबरली. मी घाबरले नव्हते. मी घोडा पुन्हा दाबला आणि पुन्हा सोडला. असं दोनदा केलं. मला वाटलं, नीट सोडला की मोटर बंद होईल, आणि मोटर बंद झाली की तो माणूस वर येईल. खरंच तसं वाटलं. मग शाळेतल्या सरांनी येऊन माझी बोटं एकेक करून उघडली आणि रिमोट काढून घेतला.

मी मोटरी भरते. शेतातली पाण्याची मोटर जळाली की लोक ती माझ्याकडे आणतात. आतली काळी पडलेली तार काढायची, नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची, वार्निश लावायचं, वाळवायचं. अंबडच्या रस्त्याला आमचं दुकान आहे. मालक, म्हणजे माझे यजमान, गेले तेव्हा लोकांना वाटलं दुकान बंद पडणार. मालक होते तेव्हाही वेढे मीच मोजत होते, फक्त आतल्या खोलीत बसून. ते गेल्यावर मी बाहेर येऊन बसले, एवढाच फरक पडला. मी चौथी शिकलेली आहे. मोटर भरायला चौथीचे आकडे पुरतात.

शेजारच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्त करणारा बसतो. तो एक दिवस अंगठ्याएवढी मोटर घेऊन आला.

"मावशी, ही भरता का?"

"ही कशाची? पंख्याची?"

"गाडीची."

"कोणाच्या गाडीची? उंदराच्या?"

तो हसला आणि दुसऱ्या दिवशी त्याने गाडी आणून दाखवली. रिमोटवर पळणारी. ती दुकानासमोरच्या रस्त्यावरून अशी गेली की चहावाल्याची मांजर पत्र्यावर चढली. मला आवडली. आवडायचं काही कारण नव्हतं. माझ्या हातून एवढ्या मोटरी गेल्या, पण मोटर लोकांच्या विहिरीत जाते आणि मला ती परत दिसते ती जळाल्यावरच. ही डोळ्यांसमोर पळत होती.

त्यांचा क्लब होता. क्लब म्हणजे सात-आठ मोठी माणसं. मोबाइलवाला, शाळेतले सर, एक वेल्डिंगवाला, आणि ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे एसटीतून निवृत्त झालेला, आमच्या मालकांचा दोस्त. तो मला वैनी म्हणतो, मी त्याला भाऊजी म्हणते. गाड्या त्याच्याच पडीक रानात पळवायचे. ठिबकचे जुने पाइप जमिनीवर टाकून वळणं केली होती. दर रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. चाकांतला स्पंज दबला की त्यात सरकी काढलेला कापूस भरायचे. तुटलेल्या दांड्याच्या जागी सायकलची तार घालायचे. मला त्यांचा हा कारभार पटला. बाजारातून नवीन आणलं असतं तर मी गेले नसते.

घोडा दाबायला शिकायला मला दोन रविवार लागले. तिसऱ्या रविवारी मी वेल्डिंगवाल्याला मागे टाकलं. तो पंधरा दिवस आला नाही. आल्यावर म्हणाला, चाक ढिलं झालं होतं.

ड्रायव्हरची गाडी कायम शेवटी यायची. त्याला कारण होतं. बाकीच्यांच्या गाड्यांवर पातळ प्लास्टिकचं टोपण असतं. याने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, ठोकून, लाल रंग देऊन एसटी केली होती. खिडक्या, शिडी, मागचं स्टेपनीचं चाक, सगळं. वजन एवढं की गाडी चढाला दमायची.

"कंडक्टर कुठंय?" सर विचारायचे.

"तिकिटं फाडून राह्यला," ड्रायव्हर म्हणायचा. "तुम्ही मागं सरका, सर. उभ्यानं परवानगी न्हाई."

"जरा पत्रा तरी कमी करा. माणसं धक्का मारायला उतरायची."

"माझ्या गाडीला तीस वर्षांत धक्का लागला न्हाई."

"गाडीला न्हाई लागला. पाशिंजरला विचारा."

असं चालायचं. तो हसायचा, पण पत्रा कमी करायचा नाही. एका शनिवारी दुकानात आला आणि गाडी काउंटरवर ठेवली.

"वैनी, आष्टीकडचे लोक शर्यतीला येऊन राह्यले उद्या. चौघं जण. त्यांच्यासमोर तरी शेवटी नको."

"पत्रा काढा मंग."

"पत्रा काढून काय राह्यलं? त्यापरीस मी पळतो रिंगणात." मग म्हणाला, "मोटर तेज भरून द्या. तुमच्या हातात हाय."

शेतकरी रोज हेच म्हणतात. दोन वेढे कमी करा, तार जाड घाला, पाणी जास्त फेकलं पाहिजे. वेढे कमी केले की मोटर जास्त करंट ओढते, जोरात फिरते आणि लवकर जळते. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण म्हणतो, जळू द्या, मंग बघू. त्या छोट्या मोटरीला आत तीन पाकळ्या असतात आणि एका पाकळीवर सत्तावीस वेढे असतात. मी भिंग लावून जुनी तार काढली. जाड तार घेतली आणि पंधराच वेढे बसवले. काम चांगलं झालं. ते मी आजही म्हणते. मोटरीत काही खोट नव्हती.

फ्यूजचं सांगते. पूर्वी एकदा मोबाइलवाल्याच्या गाडीची बॅटरी फुगून धुरली होती. तेव्हा सरांनी नियम केला, की प्रत्येक गाडीत बॅटरीच्या तारेवर मोटारसायकलचा काचेचा फ्यूज पाहिजे. करंट जास्त ओढला तर फ्यूज उडेल आणि गाडी जागेवर थांबेल. शर्यतीआधी सर प्रत्येक गाडी उलटी करून फ्यूज बघायचे. वहीत खूण करायचे. लोक चेष्टा करायचे, पण दाखवायचे.

रविवारी सकाळी रानात आम्ही गाडी चालवून बघितली. पंधरा पावलं गेली आणि फ्यूज उडाला. दुसरा घातला. तोही उडाला. एकीकडे पत्र्याचं वजन, एकीकडे पंधरा वेढ्यांची मोटर. आष्टीची माणसं गाड्या काढून चाकं पुसत बसली होती. त्यातला एक लाल एसटीकडे बघून दुसऱ्याला काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले. ड्रायव्हरने ते बघितलं. मी त्याला बघताना बघितलं.

मी त्याला म्हणाले, "चहा घेऊन या. मी बघते."

तो गेला. मी कमरेच्या पिशवीतून उरलेली तांब्याची तार काढली आणि उडालेल्या फ्यूजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधली. आमच्याकडे हे सगळे करतात. डीपीवर करतात, विहिरीवर करतात, घरात करतात. फ्यूज सारखा उडायला लागला की जाड तार बांधायची. ज्याच्या विहिरीवर फ्यूजमध्ये बरोबर तार आहे असा शेतकरी मला माहीत नाही. मला त्यात काही मोठं वाटलं नाही. पण तारेवर मी काळी चिकटपट्टी गुंडाळली. ती सरांना दिसू नये म्हणून गुंडाळली. दुसरं कारण नव्हतं. सरांनी गाडी उलटी केली, फ्यूजचं टोक दिसलं, वहीत खूण केली.

ड्रायव्हर चहा घेऊन आला. मी म्हणाले, "झालं."

त्याने रिमोट माझ्या हातात दिला.

"मला कशाला?"

"तुम्ही चालवा. मी बाहेरून बघतो." तो पाइपांच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. "तीस वर्षं आतूनच बघितली. रस्त्यानं जाताना कशी दिसती ते कधी बघितलंच न्हाई."

दोन फेऱ्या चांगल्या झाल्या. चांगल्या म्हणजे कोणाला बोलायला जागा नव्हती. आष्टीवाले उठून उभे राहिले. लाल गाडी वळणावर एका अंगाला कलायची, भरलेली एसटी कलते तशीच, आणि ड्रायव्हर कमरेवर हात ठेवून बघत होता. तिसऱ्या फेरीत मला वास आला. जळालेल्या वार्निशचा नाही, दुसराच. मी घोडा सोडला. गाडी थांबली नाही. उलट जोरात सुटली.

त्या गाडीत बोटाएवढं एक सर्किट असतं. घोडा किती दाबला ते बघून ते मोटरीला करंट देतं. पुढची चाकं वळवायलाही करंट तेच देतं. ते जळालं. जळालेली वस्तू बंद पडावी असं माणसाला वाटतं. पण विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये कधी कधी पॉइंट तापून एकमेकांना चिकटतात. मग लाल बटण कितीही दाबा, मोटर बंद होत नाही. हे तसंच झालं. जळून चिकटलं. चाकं वळेनात आणि मोटर बंद होईना. फ्यूज असता तर त्याच क्षणी उडाला असता. तिथे माझी तार होती.

हे सगळं मला तेव्हाच कळलं. गाडी पाइप ओलांडून बाहेर गेली तेव्हाच. ड्रायव्हर तिच्या मागे निघाला. विहीर शंभर पावलांवर होती. त्याचीच विहीर. खोल करायचं काम चालू होतं. यारी बसवण्यासाठी, म्हणजे मुरूम वर ओढायचं ते यंत्र बसवण्यासाठी, एका बाजूचा कठडा पाडलेला होता. मजूर लग्नाला गावी गेले होते. मला दिसत होतं गाडी कुठे चालली आहे ते. "भाऊजी, जाऊ द्या तिला," एवढं ओरडायला पाहिजे होतं. ओरडले नाही. माझ्या मनात काय आलं ते लिहिते. मनात आलं, आता सर चिकटपट्टी काढून बघतील.

तेवढ्यात तो ढिगावर पोचला होता.

मोबाइलवाला सगळ्यांत आधी काठावर गेला. पालथा पडून खाली बघितलं. मग म्हणाला, "हलून राह्यले." त्याने यारीच्या खांबाला दोर बांधला, बूट काढले, खिशातला फोन काढून बुटात ठेवला आणि उतरला. त्याला पोहता येत नाही. ते मला नंतर कळलं.

खालून त्याचा आवाज आला, "जिंदा हाय. पाणी छातीएवढं हाय. पाय गेलाय. मी डोकं धरलंय. जल्दी करा."

आणि त्या सगळ्या वेळात ती मोटर वाजत होती. गाडी खडकाच्या कंगोऱ्यावर उलटी अडकली होती, अर्धी पाण्यात, चाकं वर. चाकं फिरत होती आणि दोघांच्या तोंडावर पाणी उडवत होती. मोबाइलवाल्याला ती बंद करता येईना. हात सोडला तर ड्रायव्हर खाली जात होता.

मग ड्रायव्हरचा आवाज आला. बारीक होता, पण विहिरीत शब्द स्वच्छ ऐकू येतात.

"वैनी, ब्रेक मारा की."

वर कोणी हसलं नाही.

कोणीतरी अँब्युलन्सला फोन लावला. ती अंबडहून यायची होती. मजुरांच्या झोपडीतून बाज आणली, चारही पायांना दोर बांधले आणि यारीच्या वायरदोराला टांगलेल्या आकड्याला अडकवली. हाताने ढकलून खाली सोडली. यारी विजेच्या मोटरीवर चालते. सरांनी बटण दाबलं. मोटर गुणगुणली, पण फिरली नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तो आवाज मी ओळखते. तीनपैकी एक फेज येत नव्हता. मी खांबावरची पेटी उघडली. चिनी मातीचे तीन फ्यूज होते आणि मधला काळा पडून उडालेला होता. त्याच्यात पूर्वी कोणीतरी बांधलेली तार वितळून गेली होती.

"तार बांधा, आजी," सर म्हणाले. "हाय ना तुमच्याकडं?"

होती. सकाळचीच तार, पिशवीत उरलेली. मी ती हातात घेतली. तार धरून उभी राहिले.

"काय झालं?"

"नको," मी म्हणाले. "हातानं ओढा."

"हातानं? तो पाण्यात हाय, आजी."

"ह्या मोटरीनं एवढी तार कशानं उडवली मला माहीत न्हाई. जाड तार बांधली आन् स्टार्टर चिकटला, तर मोटर थांबायची न्हाई. बाज वर येईल आन् वर चाकात जाईल. माणसासकट."

"असं कुठं होतं का? रोज सगळे बांधतात."

"सकाळी मी बी बांधली."

सरांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "लाल गाडीच्या फ्यूजला तार मी बांधली. वरून चिकटपट्टी लावली. म्हणून ती थांबली न्हाई. आता ही बी थांबणार न्हाई. वायरदोर ड्रमवरून काढा आन् हातानं ओढा."

सर माझ्याकडे बघत राहिले. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान माणूस, कधी मोठ्याने बोललेला नाही. त्यांच्या तोंडाला रंग नव्हता. त्यांनी हात वर केला, मला वाटलं मारणार. त्यांनी माझ्या हातातली तार घेतली आणि फेकून दिली. मग वळून म्हणाले, "काढा दोर."

अकरा माणसं होती. क्लबची, आष्टीची आणि रस्त्यावरून पळत आलेली. चाकावरून वायरदोर घेऊन ती रानात रांगेने उभी राहिली, शर्यतीच्या वळणांवरच. वायरदोर हाताला कापतो, म्हणून त्यांनी हाताला रुमाल गुंडाळले. खालून मोबाइलवाला म्हणाला, "बांधलं. ओढा." बाज हलली तसा ड्रायव्हर ओरडला. पडताना ओरडला नव्हता तो तेव्हा ओरडला. मी तसं ओरडणं पुन्हा ऐकलेलं नाही आणि ऐकायचंही नाही.

ओढणारे कमीजास्त ओढत होते, त्यामुळे बाज भिंतीवर आपटायला लागली. कोणीतरी मोजायला पाहिजे होतं. मला दुसरं काही येत नाही. मी काठावर उभी राहिले आणि मोजायला लागले. एक म्हटलं की ओढायचं, मग धरून ठेवायचं. दोन म्हटलं की ओढायचं. वेढे मोजताना आवाज जसा ठेवते तसाच ठेवला. वर नाही, खाली नाही. सतरावर खालची मोटर बंद पडली. बॅटरी संपली असेल. एकदम एवढं शांत झालं की मला माझाच आकडा परका वाटला. अठरा म्हणायचं होतं, ते तोंडातून येईना. एक आष्टीवाला म्हणाला, "आजी, अठरा." मग मी अठरा म्हणाले.

एकेचाळीसला बाज काठावर आली. ड्रायव्हरचा डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडे बघत होता. तोंड मुरमाच्या पाण्याने पिवळं झालेलं. डोळे उघडे होते. मोबाइलवाल्याला दोर कमरेला बांधून नंतर ओढला. वर आल्यावर तो बसला आणि त्याचे दात वाजायला लागले, वैशाखातल्या उन्हात. त्याला कोणीतरी पाणी दिलं तर त्याने पाण्याकडे बघून तोंड फिरवलं.

मी ड्रायव्हरची चप्पल ढिगावरून आणली आणि बाजेवर ठेवली. काय करावं ते सुचलं नाही म्हणून. त्याने चपलेकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"खाली सगळं ऐकू येत होतं," तो म्हणाला.

मी म्हणाले, "बरं."

अँब्युलन्स आली आणि त्याला घेऊन गेली. आष्टीची माणसं गाड्या गोळा करून निघून गेली. सरांनी वही फाडली नाही. ते पाइप गोळा करत राहिले. पायांखाली येऊन सगळे तुटले होते तरी गोळा करत राहिले.

त्याला जालन्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. पायात सळई घातली, माकडहाडाला तडा होता. मी चौथ्या दिवशी गेले. त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. मला बघून ती उठली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. मी आत गेले. तो भिंतीकडे तोंड करून होता.

"मी आले," मी म्हणाले.

"दिसलं."

मी उभी राहिले. बसा म्हणाला नाही. मग म्हणाला, "मला सांगितलं असतं तर मी न्हाई म्हटलो असतो का?"

"न्हाई."

"मी बी बांधच म्हटलो असतो."

"हां."

"मंग सांगितलं का न्हाई?"

मी चहाला पाठवलं त्याला, तेवढं मला आठवतं. मी त्याला मुद्दाम पाठवलं होतं.

"मला वाटलं मोटरच तेवढी भारी भरली वैनीनं," तो भिंतीला म्हणाला. "दोन फेऱ्या मी तेच बघत होतो."

"मोटर भारीच होती," मी म्हणाले. ते खरं होतं म्हणून म्हणाले. मी घरी आले.

आठ महिने तो माझ्याशी बोलला नाही. दुकानावरून काठी टेकत जायचा, पलीकडच्या कडेने. मी हाक मारली नाही. विहिरीचा कठडा त्याने बांधून घेतला, आधीपेक्षा हातभर उंच. मजूर परत आले तेव्हा त्यांना ती लाल गाडी मुरमात दबलेली सापडली. पत्रा चेपला होता. ड्रायव्हरने ती सरांकडे पाठवली आणि सरांनी माझ्याकडे. मी खोलून बघितली. सर्किट काळं होतं. मोटर वाळवून, कार्बन पुसून बॅटरी लावली तर फिरली. मी बॅटरी लगेच काढली.

आता माझ्या दुकानात कोणी मोटर घेऊन आला की मी आधी त्याच्या विहिरीवरच्या फ्यूजचं विचारते. तार बांधली असेल तर मोटर भरून देत नाही. लोक चिडतात, दुसरीकडे जातात. जाऊ द्या.

क्लब चालू आहे. प्रत्येक गाडीला आता मागे एक सुतळी असते. ती ओढली की बॅटरीची तार सुटते. सर फ्यूज बघताना नखाने खरवडून बघतात. मी जाते, पण रिमोट हातात घेत नाही. बाकड्यावर बसते. मागच्या पौषात एका रविवारी ड्रायव्हर येऊन त्याच बाकड्यावर दुसऱ्या टोकाला बसला. बराच वेळ गाड्या बघत राहिला.

"वैनी," तो म्हणाला, "नवीन पत्रा कापलाय."

"किती वजनाचा?"

"तेवढाच."

"मंग सत्तावीस वेढे. एक बी कमी न्हाई."

"शेवटी येईल."

"येऊ द्या."



त्या दिवशी विहिरीत दोन माणसं होती, एक पडलेला आणि एक उतरलेला. दोघेही जगले.